टिकलीखालचा दिवा

आधीच सांगतो, ह्या गोष्टीत मी चांगला माणूस नाही. शेवटी कुणी म्हणायला लागलं, "जाऊ द्या हो, चुकतं माणूस," तर त्याने कृपा करून गप्प बसावं. चुकणं वेगळं आणि चूक झाकणं वेगळं. मी झाकली. आणि कशाने झाकली, तर टिकलीने. बायका कपाळाला लावतात त्या टिकलीने. पाकिटात बारा येतात.

मी शशिकांत माळवदे. सांगलीला लोकांचे आवाज जपून ठेवणाऱ्या एका कंठपेढीत टेपखोली सांभाळायचो. दोन हजार सदतीस सालची गोष्ट. कंठपेढी तेव्हा नवीन होती, लोक आत येताना बिचकायचे. आमच्या भागात मावा आणि तंबाखू चघळणाऱ्यांना तोटा नाही, त्यामुळे घशाच्या कॅन्सरलाही नाही. पूर्वी स्वरयंत्र काढलं की माणूस जन्माचा मुका व्हायचा. मग कंठपट्टी आली. दोन बोटं रुंद, गळ्याभोवती बांधायची. माणूस बोलायला जातो तेव्हा जीभ, जबडा आणि गळ्याच्या स्नायूंकडे मेंदूकडून विजेचे बारीक इशारे जातात. स्वरयंत्र गेलं तरी हे इशारे यायचे थांबत नाहीत. पट्टी ते कातडीवरून टिपते आणि त्यांचा आवाज करते, तोही त्या माणसाचाच आवाज.

अट एकच. कुठला इशारा म्हणजे कुठला उच्चार, हे प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी तीन दिवस माणसाला खुर्चीत बसवून बोलतं करायचं, आणि त्याचा आवाज आणि त्याचे इशारे एकाच वेळी नोंदवून ठेवायचे. जखम भरली की त्या नोंदीवरून पट्टीची जोडणी करायची. ही नोंद आयुष्यात एकदाच होते. स्वरयंत्र काढल्यावर ती पुन्हा करता येत नाही.

आता ही नोंद ठेवायची कुठे? आवाज चोरून लोकांच्या आईबापांना फोन करायचे आणि लुबाडायचं, असे धंदे तेव्हा उतू चालले होते. म्हणून कायदा आला, की कुणाच्याही आवाजाची नोंद इंटरनेटला जोडलेल्या कॉम्प्युटरवर नव्वद दिवसांच्या वर राहता कामा नये. त्यानंतर ती फक्त टेपवर. टेप म्हणजे जुन्या कॅसेटचीच मोठी बहीण, आत किलोमीटरभर फीत. फळीवर ठेवली की तिला कुठलीही वायर जोडलेली नसते. चोराला ती पाहिजे असेल तर त्याला स्वतः जिना चढून यावं लागतं, आणि जिन्यात आमचा वॉचमन असतो.

टेपवर लिहिणारं आणि टेप वाचणारं यंत्र म्हणजे ड्राइव्ह. त्याच्या पुढच्या बाजूला दोन दिवे आणि नखाएवढी काचेची खिडकी. हिरवा दिवा म्हणजे ठीक आहे, लुकलुकता हिरवा म्हणजे काम चालू आहे. नारिंगी दिवा आणि खिडकीत 'सी' हे अक्षर आलं की ड्राइव्ह सांगतोय, माझं हेड, म्हणजे फितीवर टेकणारं टोक, घाण झालंय, साफ करा. नारिंगी लुकलुकायला लागला आणि खिडकीत सहाचा आकडा आला, तर टेप तरी गेली नाहीतर ड्राइव्ह तरी गेला. हे पाठ करायला अर्धा दिवस लागतो. मी आधीच्या नोकरीपासून बारा वर्षं करत होतो.

हेड साफ करायला वेगळी टेप येते. ड्राइव्हमध्ये सारली की आपोआप हेड पुसते आणि पाच मिनिटांत बाहेर येते. ती पन्नास वेळा चालते. एक्कावन्नाव्या वेळी ड्राइव्ह तिला तोंडातून थुंकतो. आमची ऑगस्टमध्ये संपली. नवीन मागवायला मी विसरलो. बरं, विसरलो ते विसरलो, पण वहीत दर सोमवारी 'साफसफाई झाली' म्हणून सही मात्र ठोकत राहिलो. सवय हो, दुसरं काय! लाजेची सुरुवात तिथून आहे, हळदीपासून नाही.

*

हणमंतदाजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, मला वाढवलं अक्काने. आणि अक्काच्या लग्नानंतर दाजींनी. दाजी कुस्तीच्या मैदानात समालोचन करायचे. आमच्याकडे जत्रेचं मैदान त्यांच्याशिवाय लागायचं नाही. दोन पैलवान नुसते एकमेकांचे हात धरून उभे असले तरी दाजी माइकवरून असं काही बोलायचे की लोक हातातला चहा प्यायचा विसरायचे. त्याच माणसाच्या घशात गाठ निघाली.

नोंदीच्या पहिल्या दिवशी डॉक्टर पाटणकरांनी त्यांना सांगितलं, "एक स्वतःचं वाक्य निवडा. तेच चाळीस वेळा बोलायचं. हळू, जोरात, रागाने, हसत, सगळ्या तऱ्हांनी. त्या एका वाक्यावर पट्टीचं बाकीचं गणित उभं राहतं."

दाजींनी काचेपलीकडे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि मैदानी आवाजात ठोकून दिलं, "आमचा शशी हाय तितं, काळजी नाय!"

"अहो दाजी, दुसरं काहीतरी घ्या की," मी माइकवरून म्हटलं. मला कानकोंडं झालं.

"गप रं. माजा आवाज कुनाच्या हातात द्यायला लागलोय मी? तुज्याच ना?"

चाळीस वेळा बोलले. सगळा विभाग हसत होता. अक्का तर डोळे पुसत हसत होती.

खंडेनवमीला नोंद टेपवर लिहायला घ्यायची होती. टेपखोलीच्या दारावर पाटी होती, हळद-कुंकू, फुलं, उदबत्ती आत आणू नये. पण खंडेनवमीला यंत्राची पूजा नको, असं आपल्याकडे कुणी म्हणेल का? म्हणून नोंदणी विभागातल्या बायकांनी तोडगा काढला होता. कुंकवाऐवजी प्रत्येक यंत्राच्या कपाळाला एकेक लाल टिकली लावायची, नमस्कार करायचा, पेढे बाहेर खायचे. पाटीही खूश आणि देवीही खूश.

बायका टिकल्या लावून गेल्या आणि अक्का आली. हातात कुंकवाचा करंडा.

"शशा, ह्यांचा आवाज ह्याच पेटीतनं जानार ना?"

"हो गं. पण आत नको येऊस, पाटी वाच."

"टिकली काय लावतासा यंत्राला, ती काय नवरी हाय? दोन बोटं हळद-कुंकू लावू दे मला. परवा ऑपरेशन हाय त्यांचं."

मी तिला नाही म्हणू शकलो नाही. तिला नाही म्हणायची मला सवयच नव्हती. ती आत आली, ड्राइव्हच्या कपाळावर हळदीचं बोट ठेवलं, कुंकवाचं ठेवलं आणि डोळे मिटून कितीतरी वेळ उभी राहिली. तिच्या बोटांखालून पिवळी पूड ड्राइव्हच्या तोंडाशी भुरभुरली. आतला पंखा हवा ओढत होता. मी बघत होतो. ती गेल्यावर फडक्याने वरवर पुसलं आणि दाजींची पहिली टेप लावली.

दुपारी चारला नारिंगी दिवा लागला.

मी संपलेली साफसफाईची टेप घातली. ड्राइव्हने थुंकली. पुन्हा घातली. पुन्हा थुंकली. आता नवीन मागवायची तर भांडारातले कुलकर्णी विचारणार, की ऑगस्टमध्ये संपली म्हणता, मग वहीत गेल्या सहा सोमवारी कशाने साफ केलंत? म्हटलं, दोन दिवसांत काहीतरी करू.

दोन दिवसांनी तपासणी समिती आली. सकाळी नऊला फोन, साडेनऊला दारात. नारिंगी दिवा भुतासारखा माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात त्याच्या दोन बोटं वर लावलेली टिकली मला दिसली. मी नखाने ती उचलली आणि दिव्यावर चिकटवली. समितीतल्या एक बाई सगळ्या यंत्रांच्या टिकल्या बघून कौतुकाने म्हणाल्या, "वा, किती छान परंपरा जपलीय!" मी हात जोडले.

पण दिवा झाकला तरी पडद्यावर संदेश यायचाच. 'लिहिताना चुकांची संख्या मर्यादेपलीकडे. हेड साफ करा. पुढे चालू ठेवायचे?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. मी हो दाबायचो. चहा घेऊन यायचो, पुन्हा संदेश, पुन्हा हो. आठवडाभरात दाजींच्या सहा टेपा झाल्या, तीन इथे ठेवायच्या, तीन दुसऱ्या गावच्या गोदामात पाठवायच्या, सगळ्या त्याच ड्राइव्हवर लिहिलेल्या. लिहून झाल्यावर टेप पहिल्यापासून वाचून ताडून बघायची असते. एकेका टेपेला दहा तास लागतात. दिवाळी तोंडावर होती. मी ताडणीच्या रकान्यातही सही केली.

नोव्हेंबरमध्ये नेहमीच्या मालात नवीन साफसफाईची टेप आली. घातली, पडद्यावरचा संदेश यायचा थांबला, माझा जीव भांड्यात पडला. आता नीट ऐका, माझी खरी नीचता इथे आहे. त्या दिवशी दाजींची मूळ नोंद अजून कॉम्प्युटरवर शाबूत होती. नव्वद दिवस भरायला दोन महिने बाकी होते. टेपा पुन्हा लिहायला मला चार दिवस पुरले असते. पण पुन्हा लिहायच्या तर का लिहायच्या, ते कुणालातरी सांगावं लागलं असतं. मी स्वतःला म्हटलं, झाल्या असतील नीट, उगाच कशाला उकरायचं? दहा जानेवारीला कायद्याप्रमाणे कॉम्प्युटरवरची नोंद पुसली गेली. ते पुसायचं बटणसुद्धा मीच दाबलं.

*

संक्रांतीनंतर दाजींची जखम भरली आणि जोडणीचा दिवस ठरला. दाजी गळ्याला मफलर गुंडाळून बाकावर बसले होते. मोबाईलवर लिहून दाखवत होते, 'चैत्रातल्या मैदानाचं बोलावणं आलंय. हो म्हणून कळवलं.'

मी टेप लावली. घरघर झाली, नारिंगी दिवा लुकलुकला असणार, टिकलीखाली तो मला दिसला नाही. खिडकीत सहा आला. दुसरी टेप, सहा. तिसरी, सहा. दुसऱ्या दिवशी गोदामातल्या तीन मागवल्या. पहिल्याच टेपेला सहा आला तेव्हा डॉक्टर पाटणकरांनी यंत्र बंद करायला सांगितलं आणि पुण्याहून मुजावर मॅडमना बोलावलं.

मी बाहेर आलो तर अक्का उठून उभीच राहिली.

"काय झालं शशा? तुजं तोंड का असं?"

आता मी काय बोललो ते ऐका. मला कुणी विचार करायला वेळ दिला नव्हता असं नाही, जिना उतरताना मी हेच जुळवत आलो होतो.

"अक्का, त्या दिवशी तू हळद लावलीस ना… ती आत गेली. त्याने टेपा खराब झाल्या."

तिने स्वतःच्या उजव्या हाताची बोटं बघितली, मग हात पदराखाली घेतला. दाजी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांनी मोबाईलवर लिहिलं, 'हिचा काय दोष? देवाचं केलं.' अक्काने ते वाचलंसुद्धा नाही. ती खाली बघत होती.

फरीदा मुजावर ड्राइव्ह दुरुस्त करणाऱ्यांपैकी राज्यात नाव असलेली बाई. बोलायला गोड, पण कामात कुणाची भीड ठेवायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ड्राइव्ह टेबलावर घेतला, भिंग लावलं आणि तोंडाकडची पट्टी काढायला गेली. नख अडकलं. टिकली निघाली. खालच्या दिव्याभोवती डिंकाचं गोल कडं होतं.

"माळवदे, हे काय?"

"खंडेनवमीची पूजा… बायका लावतात, मॅडम."

"बाकीच्या सगळ्या यंत्रांना मधोमध आहे. ह्याला बरोब्बर दिव्यावर?"

मी फडकं घेऊन डिंक पुसायला गेलो.

तिने वायर जोडली. मला कल्पना होती, पण आठवायचं टाळत होतो, की ड्राइव्ह पोटात स्वतःची डायरी ठेवतो. प्रत्येक इशारा, तारीख, वेळ, आणि कुठल्या माणसाने कुठलं बटण दाबलं ते. ती मोठ्याने वाचत नव्हती, पडदाच माझ्याकडे वळवला. 'हेड साफ करा', दोनशे तेरा वेळा. आणि दोनशे तेरा वेळा 'हो', पुढे माझं नाव.

"मॅडम, हळद आत गेली होती," मी म्हटलं. अजूनही म्हटलं!

"चिमूटभर असेल. एक साफसफाईची टेप घातली असती तर पाच मिनिटांत गेली असती. तुम्ही आठवडाभर तीच पूड टेपांवर घासत ठेवलीत." तिने भिंग खाली ठेवलं. "मी नाशकात एका ड्राइव्हमधून आख्खा खडीसाखरेचा खडा काढलाय, माळवदे. नोंद शाबूत होती, कारण तिथल्या माणसाने पहिल्या दिव्याला फोन केला. हळदीचं नाव पुढे करू नका."

"किती वाचेल?"

"पहिल्या टेपेची सुरुवात वाचेल, तेव्हा हेड बऱ्यापैकी साफ होतं. पाऊण तास मिळाला तर पुष्कळ. अठरा तासांपैकी."

"त्यांच्या मैदानातल्या चित्रफिती आहेत की. शेकड्याने."

"त्यातून आवाजाचा पोत मिळेल. इशारे कुठून आणणार? इशाऱ्यांशिवाय पट्टीला कळणार नाही ते काय बोलायला निघालेत. एकेक अक्षर चाचपडत बोलेल." ती उठली. "अहवाल मी संध्याकाळी देणार. त्याआधी तुम्ही स्वतः साहेबांकडे गेलात तर तुमच्यासाठी बरं. बघा बाई, काय ते."

मी गेलो. पाटणकर ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि दाराकडे हात केला. मला निलंबित केलं. ते सोपं होतं हो. साहेबाला सांगणं सोपं असतं.

*

अक्काकडे जायला मला आठ दिवस लागले. रोज निघायचो, तासगाव नाक्यावरून परत यायचो.

गेलो तेव्हा दुपार होती. दाजी तालमीच्या ओट्यावर जाऊन बसले होते, पोरांची कुस्ती बघत. अक्काने ताट वाढलं. आमच्या घरात आल्यागेल्याला आधी ताट. बटाट्याची भाजी, आमटी, भात.

भाजी पांढरी होती. आमटीही पांढरी, आजाऱ्यासाठी करतात तशी.

"अक्का, हळद संपली काय?"

"टाकून दिली." तिने भाकरी ताटात ठेवली. "घरात ठेवली नाय. करंडा बी नदीला सोडला."

मी तिच्या कपाळाकडे बघितलं. कपाळावर टिकली होती. नोंदणीतल्या बायका लावतात तसलीच, लाल, पाकिटात बारा येतात ती. ह्या बाईने उभ्या जन्मात टिकली लावली नव्हती. मी भाकरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. वहीतल्या सह्या, संपलेली टेप, दिव्यावर सरकवलेली टिकली, दोनशे तेरा हो, नोव्हेंबर, पुसायचं बटण. सगळं. हळद पाच मिनिटांत निघाली असती, हेही.

ती भिंतीला टेकून ऐकत होती. मी थांबलो तेव्हा चुलीवर दूध उतू गेलं, ते तिने उतरवलं आणि पुन्हा जागेवर येऊन बसली.

"म्हंजी माज्या हातानं न्हाई झालं?"

"नाही अक्का. माझ्या."

"आठ दिस मी ह्यांच्या तोंडाकडं बगितलं न्हाई, शशा. वाढताना मान खाली, झोपताना भिंतीकडं तोंड. ते हातानं माजी हनुवटी वर करायचे तर मी झिडकारायची. आन तुला ठावं हुतं?"

"ठाऊक होतं."

मला वाटलं, आता मारेल. लहानपणी मारायची, पळीने. मी वाट बघत होतो, खरं सांगतो, मला ते हवं होतं. मी उठायला लागलो.

"बस खाली. ताटावरनं उठायचं न्हाई. जेव. सगळं संपव, मग जा."

मी जेवलो. ती समोर बसून राहिली, शेवटच्या घासापर्यंत. मी आयुष्यात इतकं अळणी जेवलो नाही, आणि त्यात मीठ बरोबर होतं.

*

मुजावर मॅडमने एक्केचाळीस मिनिटं वाचवली. मार्चमध्ये त्या एक्केचाळीस मिनिटांवर दाजींची पट्टी जोडली. मला बोलावलं नव्हतं. दाजींनीच मोबाईलवर निरोप धाडला, 'ये.' अक्का खोलीत होती. तिने माझ्यासाठी खुर्ची सरकवली नाही आणि बाहेरही काढलं नाही.

दाजींनी गळ्याला हात लावला आणि मैदानातल्या 'लाल माती'च्या नेहमीच्या सुरुवातीला हात घातला. पट्टी चाचपडली, "ला… ल… मा… ती…" आणि अडकली. पुन्हा. पुन्हा अडकली. ज्या माणसाच्या तोंडी एका दमात तीन पैलवानांच्या तीन पिढ्या यायच्या, त्याला माती हा शब्द फुटेना. त्यांच्या कपाळाची शीर फुगली. मी खिडकीकडे बघायला लागलो.

"दाजी, जोर नका लावू," पाटणकर म्हणाले. "जे टेपवर सगळ्यात चांगलं नोंदलंय ते आधी बोला. ते पहिल्या टेपेच्या सुरुवातीलाच आहे, पूर्ण वाचलंय."

दाजी थांबले. त्यांना कळलं, मलाही कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आमचा शशी हाय तितं, काळजी नाय!"

आख्खं वाक्य, न अडखळता. आवाज जत्रेतल्या कर्ण्यातून यायचा तसा, मिशीतल्या हसण्यासकट. बाहेरच्या बाकावरचे लोक उठून दाराशी आले. अक्काने तोंडाला पदर लावला. दाजींनी मला माफ केलं होतं, की पट्टीला तेवढंच येत होतं, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. विचारायला तोंड नाही.

चैत्राचं मैदान दुसऱ्याच कुणीतरी बोललं. दाजी ओट्यावर बसून ऐकत होते. पुढे डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली, पट्टी आता 'पाणी', 'भाकरी', 'ये', 'बस' एवढं बोलते, पण इतक्या बारीक आवाजात की शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागतो. घरभर ऐकू जातं ते एकच वाक्य. त्यामुळे दाजींना काही हवं असलं, अक्का परड्यात असली, गाय सुटली, कुणी दारात आलं, की ते तेच म्हणतात. गावातल्या पोरांनाही पाठ झालंय.

मी रविवारी जातो. अक्का ताट वाढते, भाजी पुन्हा पिवळी असते. आतून आवाज येतो, "आमचा शशी हाय तितं, काळजी नाय!" अक्का उठते आणि त्यांना पाणी नेऊन देते. मी मान खाली घालून जेवतो.